सौदा जुन्या काठ्यांचा

गोल्फ हा आपल्या वाड्या-आळ्यांतला खेळ नव्हे. भाताची कापणी उरकलेल्या शेतात आपली मुले क्रिकेट खेळली, ख्रिस्तमंदिराच्या पटांगणात फुटबॉल खेळली. परंतु विस्तीर्ण हिरवळीवर एक इवलासा पांढरा चेंडू टोलवीत चार-चार तास चालत राहण्याची चैन आपल्याला परवडली नाही आणि खरे सांगायचे तर तिची ओढही कधी वाटली नाही. मुंबईतील गोल्फची मैदाने आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली ती कुंपणाबाहेरून.

तरीही आज आम्ही ह्या खेळाच्या काठ्यांविषयी लिहायला बसलो आहोत. कारण त्या काठ्यांच्या निमित्ताने एक प्रश्न आमच्यापुढे आला आणि काही केल्या तो मनातून जाईना. वापरलेली वस्तू विकत घेताना आपण नेमके काय वाचवतो? आणि जे वाचवतो ते कुणाचे असते?

खेळाडू ह्या काठीला ‘क्लब’ म्हणतात. परंतु त्या शब्दाने संस्थेचा घोटाळा होतो, म्हणून ह्या लेखापुरता आम्ही ‘काठी’ हाच शब्द वापरू.

प्रश्न आला तो आमच्या भाच्याकडून. आठ वर्षांपूर्वी तो कॅनडाला गेला. टोरांटोनजीकच्या एका शहरात तो आपल्या कुटुंबासह राहतो. तिकडे उन्हाळ्याचे चार-पाच महिने कचेरीतील मंडळी सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळतात आणि खेळता खेळता ओळखी वाढतात. त्यालाही बोलावणे येऊ लागले. काठ्यांचा नवा, पुरा संच नामांकित बनावटीचा घ्यायचा म्हटला तर हजार-दोन हजार डॉलरच्या घरात सहज जातो. भाचेसून म्हणाली, “वापरलेला घ्या. आधी खेळायला तर शिका!” सल्ला शहाणपणाचा होता, पण भाच्याच्या मनाला तो रुचेना. लहानपणी त्याच्या अंगावर मावसभावाचे कपडे असत. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीचा पांढरा सदराही दुसऱ्याचाच होता, आणि तो ज्याचा होता त्या मुलाने ही गोष्ट चारचौघांत बोलून दाखवली होती. स्वतःच्या कमाईचा दिवस आला की दुसऱ्याची उतरलेली वस्तू घ्यायची नाही, अशी गाठ त्याने तेव्हाच मनाशी बांधली होती. ही गाठ आपल्यातील अनेकांच्या मनात असते. जी पिढी अभावामुळे जुने वापरते, तिची मुले अभिमानामुळे नवे घेतात. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण जुन्या काठीने खेळ बिघडतो काय? ह्या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या इतिहासानेच दिले आहे. स्पेनचा सेव्हे बॅलेस्टेरॉस पेद्रेन्या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत, एकाच काठीने खेळायला शिकला. एका वडील भावाने दिलेली ती ‘तीन नंबरची आयर्न’ होती. हा मुलगा पुढे १९७९, १९८४ आणि १९८८ अशी तीन वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकला. पोर्तो रिकोच्या चि चि रॉड्रिगेझने तर पेरूच्या झाडाच्या फांदीची काठी केली आणि चेपलेल्या पत्र्याच्या डब्याचा चेंडू. आपल्याकडे, चेंबूरच्या गोल्फ मैदानात इतरांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहणारी वस्तीतील मुले लोखंडी सळया वाकवून त्यांच्या काठ्या करतात आणि गल्लीबोळांतून प्लास्टिकचा चेंडू मारतात. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनचा विजेता ठरला. हात तयार व्हावा लागतो. काठी नवी असावी लागत नाही.

काठीची घडणही हेच सांगते. लोखंडी काठ्यांची पोलादी डोकी वर्षानुवर्षे टिकतात. मुठीवरचे रबर कडक झाले तर थोडक्या खर्चात बदलता येते. ‘ड्रायव्हर’ नावाच्या सर्वांत लांब काठीच्या डोक्याचा आकार ४६० घन सेंटीमीटरपेक्षा मोठा असू नये, असे बंधन खेळाच्या नियामक संस्थांनी २००४ सालापासून घातले आहे. तिच्या पत्र्याने चेंडूला किती उसळी द्यावी, ह्यालाही मर्यादा आहे. त्यामुळे ‘पूर्वीपेक्षा लांब’ असा डांगोरा पिटत दरवर्षी येणारी नवी काठी आणि पाच-सहा वर्षांपूर्वीची काठी ह्यांतील अंतर जाहिरातीत दिसते तेवढे मैदानावर दिसत नाही. नवी काठी घेणारा पुष्कळदा पोलाद घेत नाही, आशा घेतो. सरावाने जे मिळवायचे ते पैशाने मिळेल, ही ती आशा होय. अर्थात नवे घेणे म्हणजे पाप नव्हे. फार उंच माणसाला मापाची काठी बनवून घ्यावी लागते. काही काठ्यांच्या डोक्यांवरील खाचा वाळूने झिजून गेलेल्या असतात, त्या न घेणेच बरे. परंतु गरज कोणती आणि मिरवणे कोणते, हे आपले आपल्याला ठाऊक असते.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात वापरा-आणि-फेका संस्कृतीची कठोर चिकित्सा केली. एखादी वस्तू टाकून न देता ती पुन्हा वापरणे हे प्रेमाचे कृत्य होऊ शकते, असेही त्यांनी तेथे सुचवले. मात्र त्याला एक अट घातली. ते योग्य हेतूने झाले पाहिजे. ही अट आम्ही पूर्वी वाचली होती, पण तिच्यावर फारसे थांबलो नव्हतो. भाच्याच्या सौद्याने आम्हांला तिथे थांबवले.

शेवटी तो राजी झाला. दोन महिने त्याने ह्या विषयाचा अभ्यास केला. कोणत्या बनावटीची काठी कोणत्या सालची, खरी कशी ओळखावी, नकली कशी पकडावी, कोणत्या काठीला संग्राहक किती मोजतात, हे सारे त्याने जाणून घेतले. मग एका शनिवारी, चार रस्ते पलीकडे, एका घराच्या अंगणात जुन्या सामानाची विक्री मांडलेली त्याला दिसली. तिकडे घर बदलताना किंवा आवरताना अशी विक्री करण्याची रीत आहे. कपबशा, दिवे, पुस्तके आणि एका बाजूला काठ्यांची एक पिशवी. विकणारी वृद्ध बाई होती. पती वारला होता, काठ्या त्याच्या. सगळ्या मिळून नव्वद डॉलर, असे तिने सांगितले.

पिशवीत एक ‘पटर’ होता. हिरवळीवर चेंडू हळुवार ढकलून भोकात घालण्याची ही काठी. भाच्याने तो उचलला आणि त्याच्या छातीत धडधडू लागले. मोजक्याच संख्येने बनलेला तो नमुना होता. एकट्या त्या काठीला सहाशेच्या वर डॉलर सहज येतील, हे त्याला कळले. बाईला ते ठाऊक नव्हते. त्याने पटर पुन्हा पिशवीत ठेवला, इतर काठ्या चाचपल्या आणि म्हणाला, “मुठींचे रबर वाळले आहे, ते बदलावे लागेल.” बाईने दहा डॉलर कमी केले. ऐंशी डॉलर देऊन तो पिशवी घेऊन आला.

त्या रात्री त्याचा आम्हांला फोन आला. प्रथम आनंद होता, सौद्याचे वर्णन होते. मग बोलणे मंदावले आणि शेवटी तो म्हणाला, “मामा, ह्यात काही वाईट नाही ना?”

आम्ही ताबडतोब उत्तर दिले नाही. परंतु एवढे मात्र मनात आले की जो हा प्रश्न विचारतो, त्याच्या मनाने अर्धे उत्तर आधीच दिलेले असते.

त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. किंमत तिने सांगितली, त्याने नव्हे. त्याने जबरदस्ती केली नाही, खोटे बोलला नाही. मुठी खरोखरच वाळलेल्या होत्या. त्याचे ज्ञान हे त्याच्या दोन महिन्यांच्या श्रमाचे फळ होते आणि श्रमाला मोल असतेच. तो आला नसता तर दुसरा कुणी आला असता. शिवाय बाईला पैशापेक्षा घर रिकामे होण्याची निकड होती आणि ती समाधानाने हसली होती. बाजारात रोज असेच घडते. कायदाही ह्याला हरकत घेणार नाही.

ह्या युक्तिवादांत असत्य काही नाही. तरीही ते सारे एकत्र ठेवले तरी तोल पुरा होत नाही, असे आम्हांला जाणवत राहिले. जे तो बोलला ते खरे होते. पण जे तो बोलला नाही तेही खरेच होते, आणि कोणते सत्य बोलायचे नि कोणते गिळायचे ह्याची निवड त्याने स्वतःच्या लाभाकडे पाहून केली होती. नीतिसूत्रांच्या ग्रंथात अशाच एका गिऱ्हाइकाचे चित्र आहे. घेताना तो मालाला नावे ठेवतो आणि घेऊन निघाला की आपल्या सौद्याची फुशारकी मारतो. तीन हजार वर्षांच्या उंबरठ्यावरचे हे गिऱ्हाईक अजून म्हातारे झालेले नाही.

आम्ही संत थॉमस अक्वायनसकडे वळलो. तेराव्या शतकातील ह्या महापंडिताने ‘सुम्मा थिओलॉजिका’ ह्या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे. विक्रेत्याने कोणते दोष सांगितलेच पाहिजेत, ह्याची त्याने बारकाईने वाटणी केली. जो दोष उघड आहे, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असणे, तो किमतीत धरलेला असेल तर बोलून दाखवायलाच हवा असे नाही. परंतु जो दोष लपलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान पोहोचेल, तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. काठ्यांना हे तंतोतंत लागू पडते. डोक्यावरचा ओरखडा गिऱ्हाइकाला दिसतो. पण ग्रॅफाइटच्या दांड्यात गेलेली केसाएवढी चीर दिसत नाही, आणि जोरात फटका मारताना तो दांडा मोडला तर जवळ उभ्या असलेल्याला इजा होऊ शकते. ती चीर ठाऊक असून जो गप्प राहतो तो केवळ महाग विकत नाही, तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो.

इथवर आपण सारे सहमत होऊ, कारण लबाड विक्रेत्याचा राग आपल्या सर्वांनाच येतो. परंतु थॉमस तेथे थांबत नाही. विकणाऱ्याला जे लागू, ते घेणाऱ्यालाही लागू, असे तो म्हणतो आणि दृष्टांत देतो. समजा, एखादा माणूस सोन्याला तांबे समजून विकतो आहे आणि घेणाऱ्याला ते सोने असल्याचे कळले आहे. तर ती खरेदी अन्यायाची ठरते आणि घेणाऱ्यावर भरपाईचे बंधन येते. आमचे डोळे त्या ओळींवर खिळले. साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा संन्यासी कॅनडातल्या त्या अंगणात उभा राहून पाहत होता की काय, असे आम्हांला वाटले.

कायद्याचा मुद्दाही त्याने ओळखला होता. माणसांचे कायदे हे सद्गुणी आणि अवगुणी अशा सर्वांसाठी असतात, त्यामुळे ते पुष्कळ गोष्टी शिक्षेविना सोडून देतात. देवाचा न्याय मात्र समतोलाचा भंग तसाच सोडत नाही, असा त्याचा विचार आहे. ‘कायद्याने चालते’ एवढे उत्तर म्हणूनच पापनिवेदनाच्या वेळी पुरेसे होत नाही.

येथे चाणाक्ष वाचक आम्हांला एक दाखला आठवून देईल. संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एका माणसाला शेतात पुरलेली ठेव सापडते. तो ती पुन्हा झाकून ठेवतो आणि जाऊन ते शेत विकत घेतो. मग त्यानेही मालकाला अंधारात ठेवलेच ना? आणि प्रभू तर त्याचे उदाहरण स्वर्गराज्यासाठी देतो! आम्हीही ह्या दाखल्याशी बराच वेळ झगडलो. प्रभू येथे शेताच्या व्यवहाराची नीती सांगत नाही, हे तर उघड आहे. अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यातही तो अफरातफरीला मान्यता देत नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या माणसाने आपले जे काही होते ते सारे विकले. त्याने काहीच वाचवले नाही. तो स्वस्तात मिळाले म्हणून आनंदला नाही, सर्वस्व देऊन आनंदला. आमच्या भाच्याचा आनंद दहा डॉलर कमी करण्याचा होता. ह्या दोन आनंदांना एकाच दाखल्यात बसवता येणार नाही.

आता ह्या खेळाचीच एक कथा सांगितली पाहिजे. १९२५ साली अमेरिकेत वूस्टर येथे यू. एस. ओपन स्पर्धा चालू होती. बॉबी जोन्स हा अटलांटाचा तरुण हौशी खेळाडू चेंडूजवळ काठी टेकवीत असताना चेंडू किंचित हलला. पंचांनी पाहिले नाही, प्रेक्षकांनी पाहिले नाही. जोन्सने स्वतः ते सांगितले आणि आपल्या नावावर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेच्या शेवटी तो विली मॅकफार्लेनच्या बरोबरीत आला आणि बरोबरी सोडवण्यासाठी खेळलेल्या सामन्यात एका फटक्याने हरला. तो एक दंड नसता तर विजेतेपद आधीच त्याचे झाले असते. लोकांनी त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले तेव्हा त्याला ते विचित्रच वाटले. बँक लुटली नाही म्हणून कुणाची पाठ थोपटतात काय, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. ह्याच जोन्सचा लाडका पटर, ‘कॅलॅमिटी जेन’, हाही त्याने दुकानातून नवा घेतलेला नव्हता. तो त्याला न्यूयॉर्कजवळच्या एका क्लबातील व्यावसायिक खेळाडूने दिला होता आणि १९२३ ची यू. एस. ओपन त्याने त्याच काठीने जिंकली. आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट जाणून समाधान वाटेल. डिसेंबर १९७१ मध्ये, मृत्यूच्या अवघे काही दिवस आधी, जोन्सने कॅथोलिक श्रद्धेचा स्वीकार केला.

गोल्फमध्ये बहुधा प्रत्येक खेळाडूमागे पंच नसतो. आपला दंड आपणच लावून घ्यावा लागतो. मग ज्या खेळाचा पाया असा आहे, त्याच्या काठ्या घेतानाच पंच पाहत नाही म्हणून चेंडू पुढे सरकवायचा, हे कसे जमावे? खेळ मैदानावर सुरू होत नाही. तो काठी घेण्याच्या क्षणीच सुरू झालेला असतो.

दुकानातून नवी वस्तू घेताना आपल्यासमोर छापील किंमत असते, पावती असते, हमी असते. घेणारा आणि विकणारा ह्यांच्यामध्ये एक भिंत उभी असते आणि आपल्या सचोटीची परीक्षा फारशी होत नाही. जुनी वस्तू घेताना ती भिंत पडते. समोर माणूस असतो आणि हमी म्हणून त्याचा शब्द. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ ह्याने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले की विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर अविश्वासाने किमती उतरतात, चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि शेवटी टाकाऊ मालच उरतो. ह्या कार्यासाठी २००१ साली दोन सहकाऱ्यांसमवेत त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे खरे बोलणे ही केवळ खाजगी भक्तीची बाब नव्हे. ज्या अंगणात शेजारी शेजाऱ्याला वस्तू विकतो, ते अंगणच त्यावर उभे असते.

सर्वच जुन्या वस्तूंना एक माप लावता येणार नाही, हेही आम्ही मान्य करतो. जुन्या काठ्यांच्या दुकानदाराचा धंदाच जाणण्याचा आहे. तेथे गिऱ्हाइकाने किती बोलावे ह्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतो. फ्रेडरिक ओझनाम आणि त्याच्या मित्रांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेली संत विन्सेंट डी पॉल संस्था आपल्या धर्मग्रामांतून परिचित आहे. परदेशांत ही संस्था दान आलेल्या जुन्या वस्तूंची दुकाने चालवते. तेथे थंडीचा कोट घेताना खात्यापित्या घरच्या माणसाने मागे वळून पाहावे; ज्याला तो हवा आहे असा कुणी रांगेत असेल. काठ्यांची पिशवी मात्र त्याने खुशाल घ्यावी आणि सांगितलेल्या किमतीपेक्षा चार पैसे अधिक द्यावेत, कारण ते गरिबाच्या घरभाड्याला जातील. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच. माझी बचत कुणाच्या खिशातून येत आहे?

असो. आम्ही भाच्याला हे सारे कळवले. पण उपदेश केला नाही. आम्हीही आयुष्यात अशा काही ऐंशी डॉलरच्या पिशव्या आणल्या आहेत. वसईच्या बाजारात म्हाताऱ्या भाजीवालीशी दोन रुपयांवरून घातलेली हुज्जत आणि नंतर घरी येऊन सांगितलेली ‘स्वस्ताई’ आम्हांला त्या रात्री आठवली.

तीन आठवडे त्याने काहीच केले नाही. माणसाचे मन असेच चालते. निर्णय होतो आणि पाय निघत नाहीत. चौथ्या शनिवारी तो त्या घरी गेला. दारावर घर विकल्याची पाटी होती. शेजाऱ्याने सांगितले की बाई दुसऱ्या प्रांतात मुलीकडे राहायला गेल्या. पत्ता त्याला माहीत नव्हता. घराच्या दलालाकडे भाच्याने एक पत्र दिले. दलालाने ते पोहोचवण्याचे कबूल केले. उत्तर आजवर आलेले नाही.

थॉमसने ह्याचाही विचार करून ठेवला आहे. ज्याला परत करायचे तो कसून शोध घेऊनही सापडत नसेल, तर त्याच्या आत्म्याच्या कल्याणासाठी ते दान करावे, असे त्याचे सांगणे आहे. भाच्याने तो पटर एका संग्राहकाला विकला. विकताना त्याच्या तळाला असलेला, सहज नजरेत न येणारा खड्डा त्याने स्वतः दाखवला आणि त्यामुळे किंमत थोडी उतरली. साडेसहाशे डॉलर आले. ते त्याने आपल्या धर्मग्रामातील विन्सेंट डी पॉल संस्थेच्या पेटीत टाकले आणि वर आणखी दहा टाकले. मुठींचे रबर वाळले आहे, असे सांगून कमी करून घेतलेले ते दहा. पिशवीला अजूनही एक चामड्याची पट्टी लटकते आहे आणि तिच्यावर त्या बाईच्या पतीचे नाव आहे. त्या नावाने त्याने एक मिस्सा अर्पण करवली.

हिशेब केला तर अभ्यासाचे दोन महिने गेले आणि स्वस्ताईचा आनंदही गेला. ऐंशी डॉलरची पिशवी दहा डॉलरनी महाग होऊन नव्वदलाच पडली, आणि तिच्यात एक काठी कमी आहे. तीन आठवडे आधी पाय निघाले असते तर त्या बाईच्या हाती तिचे पैसे पडले असते. ती खंत दानाने भरून निघत नाही, आणि ती भरून निघाल्याचे आम्हीही त्याला सांगितले नाही. परंतु उरलेल्या काठ्यांनी तो आता खेळतो. दुसऱ्याच्या उतरलेल्या वस्तूची लहानपणी बोचलेली लाज आता बोचत नाही, असे त्याने आम्हांला सांगितले.

भाचेसून म्हणते, “पिशवीवरची ती पट्टी काढून आपले नाव लावा.” त्याने अजून लावलेले नाही. पृथ्वीवरचे आपले सारेच काही कुणाच्या तरी हातून आपल्याकडे आलेले आहे आणि पुढे कुणाच्या तरी हाती जायचे आहे. मधल्या काळात ते आपल्या हाती असताना आपण खरे बोललो की नाही, एवढाच काय तो आपला हिशेब.